शनिवारी मावशीची पाळी

बाहीतला झोल माझी मावशी लांबूनच ओळखते, पण कुणाचं कौतुक करायची वेळ आली की तिच्या तोंडाला कुलूप. परवा मात्र ती सकाळपासून करवादत होती. शिलाई मशीन भिंतीला सारलेलं, जुन्या टीव्हीला कॅमेऱ्याची वायर जोडलेली आणि कापड बेतायच्या टेबलावर धाकट्या मावशीने भरून ठेवलेल्या कॅसेटी.

धाकटी मावशी शाळेत शिकवायची. शिक्षकांचा संप झाला आणि तिला घरातून उचलून नेलं. नेणाऱ्यांनी जाताना फोटोंचे अल्बमही नेले. कॅसेटी तेवढ्या चिंध्यांच्या पोत्यात राहिल्या. आता सरकारी कचेरीत विचारलं की सांगतात, अशी कुणी बाई आमच्या दप्तरी नाही. हेच उत्तर मिळालेल्या बायका दर शनिवारी मावशीच्या खोलीत जमतात, पडदे ओढतात आणि एकेकीच्या घरची फिल्म बघतात. दारावर पाटी शिवणवर्गाची. नर्सबाईंचा मुलगा सायकलवरून धपकन पडतो तेव्हा सगळ्याजणी दर वेळी कळवळतात. म्हणजे मुलगा होता, कचेरी काहीही म्हणो.

या शनिवारी मावशीची पाळी, आणि एकाही कॅसेटमध्ये धाकटी दिसत नव्हती.

"अख्ख्या खानदानाला घेतलंय. शेजारचं मांजरसुद्धा आहे. ही बया कुठाय?"

"ती कॅमेऱ्यामागे ना," आई म्हणाली. आई या दोघींच्या मधली. "आवाज आहे की तिचा."

"आवाज काय दाखवू? हा रेडिओ आहे?"

"मग पाळी पुढे ढकल, ताई."

"म्हणजे कचेरीवाल्यांचंच खरं करू?"

संध्याकाळी बायका येऊन बसल्या. मावशीने हाताला येईल ती कॅसेट आत ढकलली. पडद्यावर तीच, मशीनवर वाकलेली, तोंडात टाचण्या धरून.

"ताई, वर बघ," धाकटीचा आवाज आला.

"काम करू दे."

"एकदा हस. आधी टाचण्या काढ, नाहीतर गिळशील."

"गिऱ्हाईक दारात यायचंय आणि हिचे खेळ चाललेत. बंद कर ते."

धाकटी खिदळायला लागली. चित्र गदागदा हललं, मावशीचा पंजा पुढे आला आणि पडदा काळा.

"पुढे?" नर्सबाईंनी विचारलं.

"पुढे काही नाही. केलं तिने बंद. जन्मात कधी माझं ऐकलं नाही कार्टीने, नेमकं तेवढंच ऐकलं."

मावशी वायर उपटायला उठली.

"हसताना श्वास अडकायचा का हो तिचा?" नर्सबाई म्हणाल्या. "मध्येच उचकी लागल्यासारखा?"

"लहानपणापासून," आई म्हणाली.

"परत लावा ना."

मावशीने कॅसेट मागे घेतली. चेहरा तसाच, कुणीतरी माप चुकवल्यासारखा.

"लावते. पण माझ्या थोबाडाकडे बघत बसू नका. डोळे मिटा आणि तिला ऐका."