जावयाला गाडी लागते

मला गाडी लागते. एसटी लागते, जीप लागते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो तर ट्रॉलीसुद्धा लागते. एकदा तर वारंगा फाट्यावर नुसता उभा होतो, समोरून नांदेडची बस डुलत गेली आणि तिच्याकडे बघूनच पोटात ढवळलं. यात लाजण्यासारखं काय आहे? कुणाला साखर असते, कुणाला दमा असतो. पण पुरुषमाणसाला गाडी लागते म्हटलं की लोक दात काढतात. नाकाला पदर लावून खिडकीशी बसायचं ते बायकांनी, असा आमच्याकडे पक्का समज. म्हणून मी हे कायम लपवत आलो, आणि त्या लपवण्यातच माझं लग्न जमलं.

मी तेव्हा कळमनुरीत शाळेवर मास्तर होतो. वडील लवकर गेले, काकांनी वाढवलं, त्यामुळे सोयरीक जमवायचा मान काकांचा. कुरुंद्याची एक मुलगी सांगून आली. घर हळदवाल्यांचं, माणसं बरी. बैठकीला आम्ही काळ्या-पिवळ्या जीपनं गेलो. मला जागा मिळाली मागच्या आडव्या बाकावर, आठ माणसं, एक बोकड आणि रॉकेलचा डबा यांच्यामध्ये. कुरुंद्यात उतरलो तो सरळ त्यांच्या गोठ्यामागं गेलो आणि पोट अर्धं रिकामं करून आलो. अर्धंच. बाकीचं कधीही येईल, अशा बेतात मी सतरंजीवर जाऊन बसलो.

पोहे आले, मी नको म्हणून मान हलवली. चहा आला, तोही नको. मागं कुणीतरी म्हणालं, "पोरगं हावरट न्हाई." मला काही विचारलं की काका उत्तर देत, मी ओठ घट्ट मिटून खाली बघे. "शांत हाय, सभाव गरीब हाय," असंही कानावर आलं. मग मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "पाव्हणं, देण्याघेण्याचं काय म्हणणं?"

काकांनी घसा साफ केला. त्यांच्या मनात मोटारसायकल होती, आणि ती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त हवी होती. "तसं आमचं काही न्हाई," ते म्हणाले, "पण पोराला शाळेत जायायला एखादी..." आणि नेमकी त्याच वेळी आत कुणीतरी फोडणी टाकली. लसणाचा तो वास थेट माझ्या पोटात उतरला आणि राहिलेलं अर्धं वर आलं. मी तोंड दाबून धरलं, उजवा हात वर केला आणि जोरजोरात मान हलवली. माझं म्हणणं एवढंच होतं, की मला कुणी क्षणभर हलवू नका, बोलू नका, आणि ती फोडणी थांबवा.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. मुलीच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "ह्याला म्हनावं शिकल्यालं पोरगं." लगेच साखर वाटली, सुपारी फुटली, आणि मला कुणी काही विचारायच्या आत मी पुन्हा गोठ्यामागं होतो. येताना काका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही, कारण परतीलाही तीच जीप होती.

गंमत बघा, मोटारसायकल मला लागत नाही. हँडल आपल्या हातात असलं की पोट गपगुमान राहतं. म्हणजे जगात जे एक वाहन मला सोसवतं, तेवढंच मी भर बैठकीत हात वर करून परत पाठवलं आणि पुढं सायकल हाणत राहिलो.

लग्नात पाठवणीची जीप झेंडूनं सजवली होती. झेंडू, डिझेल आणि घाम. बायको रडत होती आणि मी टॉवेलात तोंड खुपसून बसलो होतो. वेशीवर बाया म्हणाल्या, "नवरदेव बी रडून राहिला, माय." गाव मागं पडलं तसा तिनं टॉवेलचा कोपरा उचलून आत पाहिलं.

"गाडी लागते का तुमाला?"

मी मान हलवली.

"बैठकीच्या दिवशी बी?"

पुन्हा मान. इतका वेळ रडणारी ती पोरगी अशी हसायला लागली, की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "बाबाला कळू देऊ नका."

का, ते मला हळूहळू कळलं. सासऱ्यांनी तो हात गावभर केला होता. हळदीच्या बाजारात, देवळात, सलूनमध्ये, "आमच्या जावयानं भर बैठकीत हात वर केला, काई नको म्हनला." त्यांना आणखी एक मुलगी होती, माझी मेहुणी, तिला स्थळं यायला लागली होती. पाहुण्यांनी देण्याघेण्याचा विषय काढायच्या आतच सासरे हा किस्सा सांगत, आणि तो ऐकल्यावर मागायला कुणाची जीभ उचलत नसे. थोडक्यात काय, धाकटीचं लग्न माझ्या मळमळीवर उभं होतं. मी एकदा सासऱ्यांना म्हणालोही, "मामा, त्या दिवशी मला जरा बरं नव्हतं." तर ते म्हणाले, "मोठेपणा झाकू नका, जावईबापू."

मला मात्र आतून एक टोचणी होती. समजा, त्या दिवशी मी चालत गेलो असतो. पोट शांत असतं, काकांनी मोटारसायकल म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं? नको म्हटलं असतं की खाली मान घालून गप्प बसलो असतो? खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. सासरे मला ज्या नजरेनं बघत, ती नजर मला सोसायची नाही.

मग दोन हजार चार साली धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्याला घरी बोलवायचं, ओवाळायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक, आणि त्यात सासऱ्यांच्या हळदीला चांगला भाव आलेला. ते कळमनुरीला मुद्दाम सांगायला आले. "धोंडे तर सगळेच खाऊ घालतेत. आमी तुमाला हैदराबादला नेऊन राहिलो. तिथं मोठं पार्क हाय म्हनं, पाळन्यांचं. एका तिकिटात सगळे पाळने." माझा चेहरा पडला. ते म्हणाले, "खर्चाची काळजी करू नका. दुसऱ्याचा खर्च व्हऊ नये म्हनून कसं तोंड उतरते, बघा ह्यांचं."

बायकोनं माझी तयारी केली. पोटावर वर्तमानपत्राची घडी, गालात आल्याचा तुकडा, एका खिशात लिंबू, दुसऱ्यात आवळासुपारी. सासू-सासरे कुरुंद्याहून जीप घेऊन आले आणि आम्ही निघालो. डोंगरकड्याच्या आसपास सासूबाईंनी विचारलं, "काय वाजून राहिलं?" माझ्या सदऱ्यातला पेपर वाजत होता. सासऱ्यांनी तो बाहेर ओढला, उलटसुलट पाहिला आणि बायकोला म्हणाले, "बघ. पेपर छातीशी धरून हिंडतेत. वाचनाची गोडी असावी तर अशी." मी डोळे मिटले, तर नामस्मरण करतोय म्हणून त्यांनी ड्रायव्हरला टेप बंद करायला लावला. लिंबू हुंगताना दिसलो, तर सासूबाई म्हणाल्या, "नजर उतरवून राहिले लेकराची आपल्या." आम्हाला लेकरू नव्हतं तेव्हा, पण त्यांना दिसलं असावं. बायको खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

वाटेत दोनदा लघवीच्या नावाखाली उतरलो आणि झाडामागं मोकळा झालो. त्यामुळे पार्कच्या दारात पोचलो तेव्हा पोटात काहीच उरलं नव्हतं. मला वाटलं, चला, निभावलं.

दारावर रखवालदारानं सासूबाईंचा डबा अडवला. "बाहर का खाना अंदर नक्को, अम्मा." सासूबाईंनी डबा उघडून दाखवला. आत धोंडे, अनारसे आणि एका बरणीत तूप. तो म्हणाला, इथंच ठेवून जा. सासूबाई म्हणाल्या, "जावयाचं वान हाय, ठिवून जायाला काय चप्पल हाय का?" टाकता येत नाही, परत नेता येत नाही, आणि धोंड्याच्या महिन्याचा शेवटचा दिवस. मग एकच वाट उरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तिकिटाच्या खिडकीजवळ मला पूर्वेला तोंड करून उभं केलं. कपाळाला कुंकू लावलं. ओवाळलं. मागं रांगेत जीनपँटीतली पोरं थांबली होती, ती बघायला पुढं आली. सासूबाई एकेक धोंडा तुपात बुडवून माझ्या हातात देत होत्या, आणि दोन वर्षं ज्या घरात मी कमी खाणारा म्हणून नावाजलो, त्या घराचा सगळा राग काढल्यासारखं मला खाऊ घालत होत्या. "नको म्हनू नका, आजच्या दिशी न्हाई म्हनत न्हाईत." रखवालदाराला दया आली असावी, तो म्हणाला, "एक मैं खा लेतूं, अम्मा." त्याला एक अनारसा मिळाला. बाकी सगळं विष्णूच्या पोटात गेलं.

आणि अशा पोटानं आम्ही त्या जहाजापाशी गेलो. मोठं लोखंडी जहाज, दोन्ही टोकांनी आभाळात जायचं आणि परत यायचं. नुसतं बघून मला घाम फुटला. बायको हळूच म्हणाली, "बाबाला सांगू का?" मी म्हणालो, "नको, धाकटीचं बघ." सासऱ्यांनी जहाजवाल्याकडून टोकाची जागा माझ्यासाठी मागून घेतली, मानाची म्हणून, आणि स्वतः माझ्या शेजारी बसले. जहाजवाला ओरडला, "टोपी उतारो, चाचा." सासऱ्यांनी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून टोपी काढली नव्हती. त्यांनी ती डोक्यावरच एका हातानं दाबून धरली.

जहाज हललं. पहिले दोन झोके मी सोसले. तिसऱ्याला आपण वर आणि पोट खाली राहिलं. चौथ्याला उलट झालं. शेजारी सासरे मजेत होते. त्यांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "जावईबापू, झालं की पुन्ना एकडाव बसू, काय म्हनता?"

मी तोंड घट्ट मिटलं, उजवा हात वर केला आणि जोरजोरात मान हलवली.

सासरे माझ्या हाताकडे बघतच राहिले. जहाज वर गेलं, खाली आलं, तरी ते हाताकडेच बघत होते. मला कळलं, त्यांना कळलं. दोन वर्षं जपलेलं सगळं त्या लोखंडी जहाजात माझ्या डोळ्यांदेखत संपलं, आणि मला काही करता येत नव्हतं, कारण धोंडे निघाले होते.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी उघडली आणि माझ्या तोंडासमोर दोन्ही हातांनी धरली.

खाली उतरल्यावर ते नळावर टोपी धूत बसले. मी धुतो म्हणालो, तर मला बाकावर बसायला सांगितलं. बायको आईला घेऊन दुसऱ्या पाळण्याकडे गेली होती. सासूबाईंना काहीही लागत नाही, त्या संध्याकाळपर्यंत एकेका पाळण्यात दोनदोनदा बसून आल्या. सासरे माझ्याजवळ येऊन बसले आणि टोपी पिळत म्हणाले, "बैठकीच्या दिशीबी हेच व्हतं न्हाई का?"

"व्हय, मामा."

"मंग गाडी पायजे व्हती का तुमाला?"

मी म्हणालो, "मामा, मला तोंडच उघडता येत नव्हतं. उघडता आलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला आजही माहीत नाही." हे बोललो ते मोठा माणूस वाटावा म्हणून नव्हे, एकदाचं सुटावं म्हणून.

ओली टोपी त्यांनी गुडघ्यावर पसरली, हातानं सरळ केली. मग म्हणाले, "दोन वर्सं झाली. सणाला आले, वारल्या-सुतकाला आले, हळद काढायला बी आले. तवा तर तोंड उघडं व्हतं ना तुमचं? एकडाव बी मागितलं न्हाई." आणि टोपी तशीच ओली डोक्यावर घालून ते उठले. "चला. लिंबू-सोडा घ्या."

परतताना त्यांनी मला पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं. वारंगा फाट्याजवळ मला पुन्हा ढवळायला लागलं आणि मी नेहमीसारखा गप्प राहिलो. पण मागून त्यांचा हात आला आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर पडला. "थांबव रं. जावईबापूंना उतरू दे."

हॉटेलासमोर, सगळ्यांच्या देखत, मी वाकून उभा होतो आणि ते माझी पाठ चोळत होते. चहा पिणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारलं, "कोन हाय? दारू पेला का काय?"

"आमचे थोरले जावई हायत," सासरे म्हणाले. "गाडी लागते त्यांना." बाजारात तो वर केलेला हात ज्या आवाजात सांगायचे, अगदी त्याच आवाजात.

मग माझ्या हातात पाण्याचा गिलास देऊन हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यात धाकटीची बैठक हाय. तिथं आता तुमीच बोलायचं. पर जरा आधी येऊन बसा. देनंघेनं नको, हे या बारीला तोंडानं सांगा."

मी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणालो, "सांगतो, मामा."