पूर्ण दोन मिनिटं

आमच्या नेर भागात माणूस गेला की दोघांना फोन जातो. पहिला मंडपवाल्याला, दुसरा मला. मी निवृत्त मास्तर. शोकसभेचं सूत्रसंचालन हा माझा हातखंडा, आणि त्यातही मौन. दोन मिनिटांचं मौन मी पस्तीस सेकंदांत असं बेमालूम आटपायचो की लोकांना पुण्यही लागे आणि पायाला रगही लागत नसे. या कौशल्याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगायची हिंमत राहील की नाही, माहीत नाही.

ही चोरी एकाच माणसानं पकडली. ते आमचे माजी आमदार, त्याआधी फौजेत सुभेदार. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. एकदाच निवडून आले. दुसऱ्या खेपेला पडले आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी एस.टी.च्या रांगेत इतके ताठ उभे दिसले, की निवडणुकीत नक्की पडलं कोण, असा प्रश्न पडावा. आमदार असताना तांड्याचा रस्ता होत होता, तेव्हा ते रोज जाऊन काठीनं गिट्टीचा थर मोजत. त्यांना लांबून पाहिलं की ठेकेदार रोलरच्या मागं सरकायचा. शोकसभेच्या पत्रिकेत अकरा लिहिलं असलं की ते अकराला हजर. तेव्हा मंडपात ते, मी आणि एक कुत्रं. मग साहेब स्वतः खुर्च्या मांडत. मी माईक तपासत असे. हॅलो, हॅलो.

अशाच एका शोकसभेनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, किती वेळ झालं मौन?"

"दोन मिनिटं, साहेब."

"पस्तीस सेकंद." त्यांनी मनगट पुढे केलं.

"तुमची घडी फौजेतली आहे साहेब, आमची नेरची. जराशी पुढं पयते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "एका चौकीवर आमी दहा जण होतो. खाली मी एकटाच उतरलो. कुठंबी मौन असलं का मी त्या नऊ जणायचे नावं घेतो, मनातल्या मनात. नाव, गाव, चेहरा. घाई नाही करत. बरोब्बर दोन मिनिटं लागतेत. तुमच्या मौनात मी तिसऱ्यावरच असतो, अन् तुमी ओम शांती करून मोकये!"

मी माईकची वायर गुंडाळायला लागलो.

"बाकीच्यायचं काय करता थे करा," साहेब म्हणाले. "माह्या वेळेले पुरे दोन मिनिटं द्या. भाषण नाही केलं तरी चालन."

मी शब्द दिला. छातीवर हात ठेवून दिला, कारण चार लोक पाहत होते.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. शोकसभेच्या आदल्या दिवशी मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून घरी सराव केला. बायको म्हणाली, "दोन मिनिटं चूप बसले तुमी? डॉक्टरले दाखवा."

सभेला एक मोठे नेते आले, दीड तास उशिरा. त्यांचा माणूस माझ्या कानाशी लागला, "त्यायले वणीले निघाचं हाय. मौन आधी घ्या." मग नेते स्वतःच वाकून म्हणाले, "मास्तर, पुढच्या महिन्यात जिल्ह्याचा कार्यक्रम आहे. सूत्रसंचालन तुम्हीच करायचं." मी नेरच्या मंडपात उभा होतो, पण जीव तेवढ्यात यवतमाळला जाऊन पोचला.

सगळे उभे राहिले. मी स्टॉपवॉच सुरू केलं. दहा. वीस. तिसाव्या सेकंदाला नेत्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. चाळिसाव्याला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इथं मला लिहावंसं वाटतं की माझा गोंधळ झाला, सवयीनं तोंडातून निघून गेलं. लोकांना मी तसंच सांगत आलोय. तसं झालं नाही. पंचेचाळीस हा आकडा मी स्वच्छ वाचला आणि म्हणालो, "ओम शांती."

खुर्च्या करकरल्या. पुढच्या रांगेत साहेबांची बायको, आमच्या काकू, उभ्याच होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. हातात माईक असला की मला काहीतरी बोलावंच लागतं. मी बोललो, "काकू, बसा आता. झालं मौन."

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "तुमचं झालं असन, मास्तर. मी चौथ्यावर आहो."

पुढच्या दोन रांगांनी हे ऐकलं. तीन-चार म्हातारे पुन्हा उभे राहिले. 'सगळ्यांनी पुन्हा उभं राहावं,' एवढंच मला म्हणायचं होतं. त्याऐवजी मी नेत्यांचे आभार मानले, अमूल्य वेळ दिल्याबद्दल. ते हात जोडत गाडीकडे निघाले, अर्धा मंडप त्यांच्या मागे धावला, आणि त्या धुळीत, त्या गलक्यात काकू पाचव्यावर गेल्या, सहाव्यावर गेल्या. नववा झाला तेव्हाच बसल्या.

जिल्ह्याच्या कार्यक्रमाला मी गेलो. शालही मिळाली. त्यानंतर काकूंकडे जायला मला आणखी पंधरा दिवस लागले.

काकू सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी माफीत एक विनोद घालून नेला होता. तो पडला. काकू म्हणाल्या, "सकायी दाढी करता करता रोज थे नावं घेत. ऐकून ऐकून मलेबी पाठ झाले. जायच्या आधी म्हणे, मास्तराले सांगून ठेवलं, तो देईन दोन मिनिटं. लय भरवसा होता त्यायचा तुमच्यावर."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घाईनं म्हणालो, "काकू, थे नऊ नावं मले द्या. लिहून घेतो. पुढं कुठंबी सभा असली का माईकवर वाचतो." खिशातून पेनसुद्धा काढला.

"माईकवर कायले? तुमी रडसान, लोकं रडतीन, अन् वा मास्तर, वा मास्तर होईन."

मी पेन परत खिशात ठेवला. कारण येताना रस्त्यातच त्या नावांच्या आधी म्हणायचं वाक्य मी जुळवून ठेवलं होतं. चांगलं जमलं होतं.

काकूंनी सूप बाजूला सरकवलं आणि उठल्या. "उभे राहा."

"आता?"

"आता नाही त कवा?"

समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. माझ्याकडे नावं नव्हती. साहेबांचं घेतलं, ते एका सेकंदात संपलं. गाव तर आमचंच. मग चेहरा आठवू लागलो, तर आधी टोपीच दिसायची. वीस वर्षं त्या माणसाला मी बहुतेक स्टेजवरूनच पाहिलं होतं. गुडघा ठणकायला लागला. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. एक डोळा उघडून मी घड्याळ पाहिलं. अडतीस सेकंद. घसा आपोआप खाकरला गेला, ओठ उघडले.

काकूंनी डोळे न उघडताच हात वर केला. मी तोंड मिटलं.