दुसऱ्या घरचा होकार

निहाली ही माझ्या मायची भाषा. जळगाव जामोदकडच्या सातपुड्याच्या पायथ्याशी थोड्याफार वाड्यांवर ती उरली आहे आणि जगात तिची सख्खी दुसरी भाषा सापडत नाही म्हणतात. हे मला कळलं चाळिशीत, तेही मोबाईलमुळे. मला ती बरीचशी समजते, बोलायला गेलं की जीभ अडते.

भाषेचं काम करणाऱ्या एका मुलीने माझ्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं. मायने शब्द बोलायचा, मी त्याचा मराठी अर्थ लिहायचा. मग दुसऱ्या घरातल्या कुणीतरी तो ऐकून 'हो' दाबलं, की शब्द पक्का. घरच्यांचा होकार चालत नाही. मायने शब्दांचा सपाटा लावला, पण प्रत्येकासमोर 'प्रतीक्षेत' तसंच राहिलं. बाबा गेल्यापासून तिच्याशी त्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं. ज्यांना येते ते कबूल करत नाहीत, कारण परक्याला कळू नये म्हणूनच ती बोलायची, असा आमच्याकडचा रिवाज. शेजारीण तर तोंडावर म्हणायची, "बुढी मनानंच काहीबाही बोलते." माझं डोकं सणकायचं, पण तिला दाखवू काय?

शेवटी माय हट्टाला पेटली. "मले बाजारात ने."

बाजारात डोंगराकडून आलेल्या एकेकीला ती विचारत फिरली. सगळ्यांनी माना हलवल्या. सीताफळं विकणारी एक म्हातारी तर खेकसलीच, "मले नाही येत थे. मराठी बोल."

मायने टोपलीतलं एक सीताफळ उचलून दाबून पाहिलं. मग निहालीत, अगदी सहज म्हणाली, तुझ्या पायाशी विंचू आहे.

म्हातारीने झटकन पाय वर ओढून घेतला. आजूबाजूच्या एकीनेही खाली पाहिलं नाही.

विंचूबिंचू काही नाही हे कळल्यावर ती मायवर निहालीत जी बरसली, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मला वाटायचं, मायजवळ आहे तेवढीच ही भाषा उरलीय, आणि इथे तर शिव्यासुद्धा नव्या निघत होत्या. माय जमिनीवर बसून ऐकत होती, रडत होती, मध्येच उलट उत्तरही देत होती. मग दोघी हसायलाच लागल्या. थांबेनात, म्हणून गिऱ्हाइकांना सीताफळं मीच देत बसले.

उन्हं उतरल्यावर फोन पुढे केला. म्हातारी मायचा आवाज ऐकायची, "हाव" म्हणायची आणि बटण दाबायची. एका शब्दाला मात्र ती अडली आणि तिने स्वतःचा सांगितला. मायने तोही मोठ्या मनाने मान्य केला.

परतताना जीपमध्ये मायने फोन मागून मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाली, "तुहा बाप गेल्यापासून मलेच शंका येऊन राह्यली होती, बाई. हे सारं मीच तं नाही ना बनवलं?"