भोक बुजवायचं नाही

सकाळचं ऊन मासे खारवायच्या जुन्या शेडवरून धक्क्यावर उतरलं की पानायोतनं खुर्चीत बसायचं, जाळं मांडीवर घ्यायचं आणि दमलेलं दिसायचं, एवढंच त्याचं काम होतं. दमलेलं दिसायला त्याला वेगळे कष्ट पडत नसत. सत्तरी ओलांडलेली, कंबर गेलेली, आणि ऑगस्टअखेरचं ऊन असं की दुपारपर्यंत मेंदूचं पाणी व्हावं. समोर अर्धवर्तुळात स्टुलांवर दहाबारा माणसं. कुणी सोफिया शहराहून आलेली दंतवैद्य, कुणी निवृत्त कर्नल, एकदोन कॉलेजातल्या पोरी. सगळी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायची आणि कागदावर काहीतरी खरडायची.

दोल्ना स्काला गावाची ही उन्हाळी चित्रशाळा त्या शेडमध्ये भरायची. एके काळी तिथं पिंपांतून मासे खारवत. सहकारी संस्था बुडाली, पिंपं गेली, आणि काही वर्षांनी चित्रकार आले. त्यांनी भिंतींना चुना लावला, माशांचा वास मात्र त्यांच्याच्यानं गेला नाही. मग त्या वासाचंही त्यांनी कौतुक करायला सुरुवात केली. गावानं त्याला हरकत घेतली नाही. ज्यांच्याकडे खोल्या होत्या त्यांनी खोल्या भाड्यानं दिल्या, ज्यांच्याकडे अंजिरं होती त्यांनी अंजिरं विकली. पानायोतकडे त्याचा चेहरा होता आणि एक जाळं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात तो खरोखरच जाळं दुरुस्त करत बसला होता. शाळेच्या सेवेरिनाबाई तिथून जाता जाता थांबल्या. त्याला विचारून त्यांनी त्याचं चित्र काढलं, दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या परत आल्या तेव्हा जाळं धड झालेलं होतं. बाई हसत म्हणाल्या होत्या, "पानायोतकाका, एखादं भोक असतं तर बरं झालं असतं हो." त्या थट्टेत म्हणाल्या. पण पानायोतची बोट तोवर विकली गेली होती, आणि घरी बसून बसून बायकोच्या, केराच्या, नाकी नऊ आणले होते त्यानं. संध्याकाळी त्यानं आतून कडी लावली आणि स्वतःच्या जाळ्याला स्वतः सुरी लावली. कडी का लावली, ते केरानं विचारलं नाही. त्याला फार लाज वाटली होती त्या दिवशी. नंतर दर उन्हाळ्याच्या तोंडाशी तो भोक पाडायला लागला, आणि पुढं पुढं कडी लावायचंही विसरला.

आता यातली गंमत अशी की भोक बुजवून चालायचं नाही. चित्रं पंधरा पंधरा दिवस चालत. आज भोक एवढं, उद्या तेवढं, असं झालं की कर्नलसाहेबांची चिडचिड व्हायची. म्हणून पानायोतनं सुई हातात धरायची, एक गाठ मारायची, आणि पुन्हा सोडवायची. सकाळभर तेच. घरी आला की तो न जेवताच आडवा व्हायचा आणि त्याला झोप यायची नाही. समुद्रावर चाळीस वर्षं काढली, पण असा शीण कधी आला नव्हता, असं तो केराला सांगायचा. केरा म्हणायची, बसून बसून माणूस आंबतो, दुसरं काय.

केराला त्या जाळ्याचाच राग होता. ते अंगणात दोरीवर टाकलेलं असायचं आणि खाली रोज पांढरी भुकटी पडायची, पिठासारखी. ती झाडता झाडता तिची पाठ जायची. एकदा ती म्हणालीही, की या तुझ्या जाळ्याचं पीठ पडतंय, पुढच्या वर्षी याचे पावच भाजू. पानायोतनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

यंदा सुटी संपायला आठवडा उरला असताना झेल्यो धक्क्यावर आला. झेल्यो म्हणजे पानायोतचा जुना जोडीदार. त्याची बोट अजून त्याच्याजवळ होती, इंजिन खोकत का होईना चालत होतं. बोटीच्या जिवावरच त्याचं घर चालायचं. तो विद्यार्थ्यांच्या मागे उभा राहिला, सगळ्यांच्या कागदांवर नजर टाकली आणि मोठ्यानं म्हणाला, "पानो, यातल्या एकाही चित्रात तुला पोट नाही. या लोकांना जेवण देऊन बसव, म्हणजे खरं दिसेल त्यांना."

बाई हसल्या. पानायोतला हलायची मनाई होती, त्यामुळे तो हसला नाही.

काम सुटल्यावर झेल्योनं खरं काय ते सांगितलं. डॉल्फिननी त्याचं जाळं फाडून चिंध्या केल्या होत्या. नवं यायला सप्टेंबरचा मध्य उजाडणार. आणि भुशिराच्या पलीकडे पाखरं घिरट्या घालायला लागली होती. पालामुद येत होता. पालामुद म्हणजे बांगड्याचा दांडगा भाऊ, वर्षातून एकदा किनाऱ्याला लागून जातो, आणि गेला की गेला. त्या चार दिवसांत जो मारेल त्याचा हिवाळा निघतो.

"तुझं जाळं दे," झेल्यो म्हणाला. "आणि तूही चल. मला एकट्याला ओढवायचं नाही."

"माझी कंबर बघितलीस?"

"कंबर कशाला बघू? मला हात हवेत. अर्ध्या गाठी माझ्या आहेत त्यात, विसरलास?"

विसरला नव्हता. एका हिवाळ्यात दोघांनी मिळून ते जाळं विणलं होतं, झेल्योच्या स्वयंपाकघरात, चुलीपाशी. एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो. जिथं गाठी भेटल्या तिथं झेल्योनं लाल धाग्याचा तुकडा बांधला होता. धाग्याचा रंग उडून गेला होता, तुकडा अजून होता.

पानायोतनं होकार दिला. त्याला जायचं होतं. इतकी वर्षं शेकडो चित्रांमध्ये तो कोळी म्हणून टांगलेला होता, कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या दवाखान्यात. आणि त्यानं मासा हातात धरला तो फक्त बाजारात. बोट विकली त्या दिवसापासून ही गोष्ट त्याला आत कुठंतरी सलत होती. आपण अजून कोळी आहोत की कोळ्याचं सोंग, हे एकदा कळायला हवं होतं. म्हातारपणी माणसाला असले प्रश्न पडू नयेत, पण पडतात.

अडचण होती सेवेरिनाबाईंची. त्यानं त्यांना सांगितलं, तर त्यांचा चेहराच पडला. चित्रं अर्धी झाली होती, भोक तर सगळ्यांच्या चित्रात मधोमध होतं. बाई वाईट नव्हत्या, गरजेच्या वेळी केराला त्यांनीच स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. त्या अजिजीनं म्हणाल्या की शनिवारपर्यंत थांबा, शनिवारी शाळा संपतेय, मग जाळं काय ते खुशाल न्या. पानायोतनं त्यांनाही बरं म्हटलं. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. झालं, पाय दोन दगडांवर ठेवून तो घरी आला आणि केरानं त्याला दोन शब्द सुनावले.

मासा काही शनिवारची वाट बघत नाही. गुरुवारी सकाळी पानायोत खुर्चीत बसला होता आणि समोर, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, पाणी उकळल्यासारखं झालं. पालामुद बारक्या माशांच्या मागे लागला होता. पाखरं किंचाळत कोसळत होती. विद्यार्थी कौतुकानं उभे राहिले, कुणी फोटो काढले, मग बाईंनी सांगितल्यावर पुन्हा बसले. पानायोतनं मान वळवली. कर्नल म्हणाले, "काका, मान."

पानायोतनं मान सरळ केली, सुईत नवा धागा भरला आणि भोक बुजवायला घेतलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. रोज तो गाठ मारायचाच. पण आज गाठ सुटत नव्हती, तिच्यापुढे दुसरी पडत होती, तिसरी पडत होती. बोटं आधी अडखळली, मग त्यांना वाट सापडली. जाळ्याचे डोळे एकापुढं एक, एका मापाचे, उभे राहायला लागले. एका कॉलेजातल्या पोरीनं हाक मारली, "बाई, काका हलतायत." बाई जवळ आल्या.

"काका, भोक."

"हो," तो म्हणाला आणि थांबला नाही.

"आपलं शनिवारचं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. मी उद्या येऊन बसतो, बाई. शब्द दिलाय. पण भोक राहणार नाही."

कर्नल पुटपुटत कागद गुंडाळू लागले. एकदा गाठ आवळताना जुन्या बाजूचा धागा तट्कन तुटला. पानायोतनं त्याच्या पलीकडचा धागा धरला आणि पुढं गेला. जुना धागा कसा झालाय ते त्याच्या लक्षात आलं होतं. त्यानं ते स्वतःशी कबूल केलं नाही, एवढंच.

संध्याकाळी दोघांनी भुशिराच्या आडोशाला जाळं सोडलं. बोटीत चढताना झेल्योनं त्याला काखेत हात घालून उचललं आणि म्हणाला की तुझ्यापेक्षा डॉल्फिन हलका असतो. पानायोतनं जाळं तरंगत ठेवणारी बुचं एकेक करून पाण्यात टाकली, शिशाच्या गोळ्या हातातून सरकत गेल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला कुणी हलू नका म्हणत नव्हतं. त्याला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यानं झेल्योकडे पाठ केली.

उजाडताना ते जाळं उचलायला गेले. जाळ्याचे पहिले काही हात ओढतानाच दोघांना कळलं, पण दोघंही ओढत राहिले. जाळं हलकं येत होतं. पालामुद आला होता, चांगला मोठा थवा आला होता, आणि कागदातून जावा तसा आरपार निघून गेला होता. खिडक्यांएवढी भगदाडं पडली होती. जुना धागा नुसता चिमटीत धरला तरी तुटत होता आणि बोटांना पीठ लागत होतं. इतके उन्हाळे ते नायलॉन समुद्राऐवजी धक्क्यावरच्या उन्हात बसलं होतं, त्याचं दुसरं काय होणार.

मग मधला भाग वर आला. कालच्या नव्या धाग्याचा, खिडकीच्या झडपेएवढा तुकडा. त्या तेवढ्या तुकड्यात सहासात पालामुद अडकले होते, निळेशार, अजून शेपट्या आपटत. एकही गाठ सरकली नव्हती.

झेल्योनं इंजिन बंद केलं. बोट नुसती डोलत राहिली.

"ऊन लागलंय याला," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," पानायोत म्हणाला. "एकदा धागा ओढून बघायला हवं होतं, एवढंच. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर येता आलं नसतं."

झेल्यो बराच वेळ मासे सोडवत राहिला. त्याचा हिवाळा त्या भगदाडांतून निघून गेला होता, आणि एक शब्द लावून बोलायचा त्याला पुरता हक्क होता. पानायोत त्या शब्दाची वाट बघत खाली मान घालून बसला.

"मी तरी कुठं ओढून बघितलं?" झेल्यो शेवटी म्हणाला. "मला सोबत हवी होती." मग त्यानं एक पालामुद उचलून पानायोतच्या मांडीवर टाकला. "उद्या पिसं बांधलेले गळ घेऊ. मासा अजून दोन दिवस आहे. त्या कामाला जाळं लागत नाही, हात लागतात. येशील?"

"कंबर मोडलीय माझी."

"ते नाही विचारलं."

"येतो," पानायोत म्हणाला.

केराला मासे देऊन, अंगावरचे कपडे न बदलता तो धक्क्यावर गेला, कारण शब्द दिला होता. हातांवर कोपरापर्यंत खवले वाळले होते. तो बसला तशी जवळच्या स्टुलावरची दंतवैद्य नाकाला रुमाल लावून दोन हात मागे सरकली. त्यानं जाळं मांडीवर घेतलं. ती भगदाडं बघायला बाई पुढं वाकल्या, आणि मग कर्नलसुद्धा म्हणाले की आता हे जाळं दिसतंय खरं. सगळ्यांनी भराभर नवे कागद लावले. पानायोतनं सुई हातात धरली. हात दुखत होते, दंड भरून आले होते, पायात गोळे येत होते. सगळीकडून दुखत होतं आणि आत मात्र काही सलत नव्हतं. दोन मिनिटांत त्याची मान छातीवर पडली.

जाग आली तेव्हा ऊन शेडमागे गेलं होतं. स्टुलं रिकामी होती. फक्त सेवेरिनाबाई पायरीवर बसून अंजीर सोलत होत्या. त्यांनी अर्धं त्याला दिलं.

"मी उठवलं नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही अजिबात हलला नाहीत, काका. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"झोप लागली, बाई." त्यालाच त्याचं नवल वाटत होतं.

"उद्या जरा लवकर याल? शेवटचा दिवस. चेहरे झालेत सगळ्यांचे. हात तेवढे राहिलेत."

पानायोतनं अंजीर खाल्लं, हात पँटला पुसले. खवले काही गेले नाहीत. मग कमरेवर एक हात देत तो हळूहळू उभा राहिला आणि जाळं उचलून खुर्चीवर ठेवलं.

"हे ठेवा तुम्हाला," तो म्हणाला. "हे आता इथलंच. उद्या मला यायला जमायचं नाही."

जन्मात पहिल्यांदा तो नाही म्हणाला होता. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

"आणि हात?" बाईंनी विचारलं.

"हात मला लागणार आहेत, बाई," पानायोत म्हणाला. घरी केरानं मासे तळायला घेतले असतील आणि झेल्यो जेवायला यायचा होता, म्हणून तो निघाला.