पैलवानाचं कंत्राट

सौदी अरबस्तानात जुबैलला अमेरिकन साहेबांच्या कॉलनीत बेसबॉलचं एक मैदान होतं आणि ते हुसेनमियाँ सांभाळायचे. दाभोळ खाडीकाठच्या माणसाचा बेसबॉलशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असायचं: खेळ कुठलाही असो, गवताला पाणी लागतंच. त्या वाळवंटात त्यांनी चौदा वर्षं गवत जगवलं होतं. दर गुरुवारी दुपारी ते लोखंडी जाळं ओढून माती सपाट करायचे, दोरी ताणून चुन्याच्या रेषा मारायचे आणि फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो ती पांढरी रबरी पाटी झाडून लख्ख करायचे. शुक्रवारी साहेबलोक येऊन सगळं तुडवून जायचे. शनिवारी यांचं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मैदानाच्या कडेच्या बाकावर रोज संध्याकाळी दोन साहेब येऊन बसायचे. एकाचा गुडघा गेलेला, दुसऱ्याचं पोट पुढे आलेलं, त्यामुळे दोघांनाही खेळण्यापेक्षा भांडण्यातच जास्त गती. त्यांची नावं जिभेवर बसेनात म्हणून हुसेनमियाँनी मनातल्या मनात एकाला बुटका आणि दुसऱ्याला दाढीवाला करून टाकलं होतं. भांडणाचा विषय एकच. तिकडे अमेरिकेत त्यांच्या आवडत्या संघाने एका दांडगट फलंदाजाला पाच वर्षांच्या कंत्राटावर घेतलं होतं, आणि कंत्राटाची शाई वाळायच्या आत त्याची बॅट मुकी झाली होती. हुसेनमियाँ त्याला पैलवान म्हणायचे.

बुटका जुन्या वळणाचा. तो म्हणायचा, हल्ली प्रत्येकाला चेंडू कुंपणाबाहेरच घालवायचा असतो. टाचेपासून जोर लावून बॅट फिरवतात, चेंडू हुकला तरी लाज नाही. बॅट जरा वर धरावी, छोटा फटका मारावा, पोटापुरतं मिळवावं. दाढीवाल्याला हे ऐकवत नसे. जमिनीवरून गेलेला चेंडू कोणाच्या तरी हातात जातोच, उंच गेला तरच धावा, आणि असा एक फटका दहा चुका धुऊन काढतो, असं त्याचं म्हणणं. मग कंत्राट मोडावं की ठेवावं यावर दोघांचं अंधार पडेपर्यंत कडाकडा वाजायचं. हुसेनमियाँ पाइप धरून शेजारीच उभे. इंग्रजी त्यांना बोलता फारसं येत नसे, कळायचं मात्र सगळं.

एकदा बुटक्याने सहज वर्तमानपत्रातला फोटो पुढे केला आणि विचारलं, तुझं मत काय, हुसेन? हुसेनमियाँनी फोटो निरखला. पैलवान चेंडूकडे बघत नव्हता, चेंडू जिथे जायला हवा तिकडे बघत होता. मोडक्यातोडक्या शब्दांत त्यांनी तेवढंच सांगितलं. दोन्ही साहेब फोटोवर वाकले आणि पैलवानाची नजर बोटाने एकमेकांना दाखवू लागले. चौदा वर्षांत त्या मुलखात आपलं म्हणणं कोणी असं कान देऊन ऐकल्याचं हुसेनमियाँना दुसरं उदाहरण आठवेना. त्या दिवसापासून पैलवान त्यांच्या घरचाच झाला.

घरचा म्हणजे अगदी खरोखर. त्यांची बायको हाजरा गावी होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दोघांची पत्रं कॅसेटवर चालायची. एका बाजूला हे बोलायचे, दुसऱ्या बाजूला ती बोलून तीच कॅसेट परत पाठवायची. आता नव्वद मिनिटांच्या कॅसेटची अर्धी बाजू भरायची म्हटलं तरी माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी लागतं. हुसेनमियाँकडे काय होतं? पाणी घातलं, जेवलो, निजलो. तेवढं सांगून झालं की टेप नुसता फिरत राहायचा आणि त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणून ते पैलवानाचं सांगू लागले. पैलवान काल पण हुकला. पैलवानाला लोकांनी शिव्या घातल्या. बुटका असं म्हणाला, दाढीवाला तसं. सांगता सांगता बाजू संपायची, आणि शुक्रवारची दुपार बरी जायची.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि कॉलनीची हवाच पालटली. आधी साहेबांची बायकामुलं गेली, मग शुक्रवारचे सामने बंद पडले. कामगारांच्या कॅम्पात हुसेनमियाँच्या खोलीत चौघं होते. तिघं एकेक करून गावी गेले आणि तीन गाद्या गुंडाळून भिंतीला लागल्या. डिसेंबरात दाढीवाला गेला. जानेवारीत, पहिली विमानं उडाली त्याच आठवड्यात, बुटकाही निघाला. जाताना त्याने आपला रेडिओ हुसेनमियाँच्या हातात दिला. अमेरिकन फौजेचं स्टेशन लावून दाखवलं आणि म्हणाला, ऐकत राहा, पैलवानाचं काय झालं ते मी आल्यावर मला सांगायचं. हुसेनमियाँनी रेडिओ टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवला, एखाद्याने अमानत ठेवावी तसा.

मग क्षेपणास्त्रांच्या इशाऱ्याचे भोंगे सुरू झाले. विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे साहेबलोकांना मिळाले होते, कॅम्पातल्यांना ओला टॉवेल नाकाला लावा असं सांगण्यात आलं. हुसेनमियाँ टॉवेल लावून एकटे बसायचे. भीती वाटायची, पण त्याहून वाईट म्हणजे ती कोणाला सांगता यायची नाही. तरीही गुरुवार आला की ते मैदानावर जाऊन रेषा मारायचेच. फेब्रुवारीत कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या आणि उत्तरेचा धूर इथवर आला. आज मारलेली पांढरी रेषा दुसऱ्या सकाळी काजळी धरून काळी झालेली असायची. कॅम्प ऑफिसात गुरुनाथ नावाचा मालवणचा कारकून होता. तो म्हणायचा, चाचा, आता बघतंय कोण? हुसेनमियाँ म्हणायचे, दोन आठवडे सोडल्या तर रेषा सापडायच्या नाहीत.

खरी गोष्ट वेगळी होती. त्यांचं कंत्राट एप्रिलअखेर संपणार होतं. खेळणारे नसतील तर मैदान कशाला, आणि मैदान नसेल तर हुसेनमियाँ कशाला, हा हिशेब त्यांना हिवाळाभर छळत होता. गावी जाऊन करायचं काय? दर दोन वर्षांनी दोन महिने घरी गेले की हाजरा त्यांना पाहुण्यासारखं वागवायची, चांगल्यातलं ताट काढायची. स्वतःच्या घरात मिठाची बरणी कुठल्या फळीवर असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि दुसरं एक शल्य होतं. आधी हाजराच्या कॅसेटच्या शेवटी हटकून यादी असायची: टॉर्च पाठवा, टायगर बाम पाठवा, नूरैनच्या सासरी द्यायला कापड पाठवा. नूरैन त्यांची एकुलती मुलगी. ऑक्टोबरपासून ती यादी बंद झाली होती. हाजरा सगळ्यांची खुशाली सांगायची आणि गप्प व्हायची. शेवटी शेवटी तर डाकच बंद पडली. तिला आता आपल्याकडून काही नको आहे, असं हुसेनमियाँच्या मनाने घेतलं. ज्याच्याकडे मागायलाही कोणी नाही त्याने कमवायचं तरी कोणासाठी, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

युद्ध संपलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या बातम्यांत रेडिओने सांगितलं की पैलवानाने एकाच सामन्यात दोन चेंडू कुंपणाबाहेर भिरकावले. हुसेनमियाँ रेडिओ हातात घेऊन तडक मैदानाकडे निघाले. बाकाजवळ पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की तिथे कोणी नाही. तरी ते थोडा वेळ बाकावर बसले, बुटक्याची जागा सोडून.

त्याच दिवशी गुरुनाथने दोन बातम्या दिल्या. बुटका साहेब परत येणार नव्हता, त्याने तिकडेच नोकरी धरली होती. आणि साहेबांची कुटुंबं मे महिन्यात परतायची होती, मैदान लागणार होतं, तेव्हा हुसेनमियाँना आणखी दोन वर्षांचं कंत्राट. शनिवारपर्यंत सही करून द्या, चाचा, म्हणत त्याने कागद आणि त्यासोबत एक पाकीट पुढे केलं. पाकिटात हाजराची कॅसेट होती. डिसेंबरात टाकलेली, चार महिने कुठेतरी अडकून आता पोचलेली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून हुसेनमियाँ खोलीत आले. कंत्राटाचा कागद उशाखाली होता. हिवाळाभर ज्याची धास्ती घेतली ते टळलं होतं, पण म्हणावा तसा आनंद होत नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे हाजराची बाजू लावली. आधी खुशाली आली, मग तिने घसा साफ केला.

"नूरैनचे अब्बा, तुमी त्या पैलवानाचा सांगता. तो कोन हाय ता मना समजला. माणसाला आपला दुखना आपल्या तोंडानं सांगवत नाय, मंग तो दुसऱ्याच्या नावानं सांगतो. ते दोन साहेब रोज समोर बसून तुमाला नावं ठेवतात, आनि तुमी ऐकून घेता. म्हनून मी मागना सोडलाय. टॉर्च नको, बाम नको. त्यांना सांगा, कंत्राट मोडा. हितं तुमाला फटका मार म्हनून कोन सांगायचा नाय. घरी या."

हुसेनमियाँना आधी हसू आलं. वेडी गं वेडी, पैलवान म्हणजे साडेसहा फुटांचा गोरा माणूस, त्याला मी कधी पाहिलंही नाही! मग यादी का थांबली ते उमगलं आणि हसू तिथेच विरलं. सहा महिने ती बाई स्वतःच्या गरजा गिळून बसली होती, आणि आपण तिला परकी ठरवून मोकळे झालो होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली.

पण तिला असं वाटलंच कसं? कॅसेटची दुसरी बाजू त्यांची स्वतःची होती. स्वतःची बाजू ते कधीच ऐकत नसत. आपलंच बोलणं काय ऐकायचं? आज त्यांनी कॅसेट उलटली. खरखरीतून एक म्हातारा, थकलेला आवाज आला आणि तो आपला आहे हे पटायला त्यांना वेळ लागला.

"पैलवान आज पन खाली हात गेला, हाजरा. बुटका म्हनतो, त्याचा वय झालाय, हात उशिरा उठतो. दाढीवाला म्हनतो, कंत्राट हाय तोवर राहील. राहील म्हंजे काय? उभा राहील नुसता. समोर कोन नसला तरी उभा राहील. त्याला एकदा तरी कोनी विचारला काय, बाबा, तुला घरी जायचा हाय?"

हुसेनमियाँनी बटण दाबलं. असं बुटका कधी म्हणाला नव्हता, दाढीवालाही नाही. पैलवानाला घरी जायचं आहे का, हा प्रश्न त्या बाकावर कधीच निघाला नव्हता. तो त्यांनी स्वतः घातला होता, आणि त्यांना पत्ताही नव्हता. हाजराला मात्र पहिल्याच खेपेला कळलं होतं. तीन गुंडाळलेल्या गाद्यांसमोर बसून ते पोटभर रडले.

शनिवारी सकाळी ते ऑफिसात गेले आणि कागद सहीविनाच परत ठेवून कायमचं घरी जाण्याचा फॉर्म मागितला. गुरुनाथला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याने दोनदा विचारून खात्री केली, मग पेन उघडलं.

"कारण काय लिहू, चाचा? आजारपण लिहितो, लवकर सुटाल."

"लिही, बायकोने बोलावलंय."

"असं कारण चालत नाही हो."

"चौदा वर्षांत पहिल्यांदा बोलावलंय," हुसेनमियाँ म्हणाले. "लिही."

गुरुनाथने लिहिलं. पुढच्या गुरुवारी मैदानावर रेषा पडल्या नाहीत. हुसेनमियाँ बाजारात एकेक टॉर्च हातात घेऊन पेटवून बघत होते.