हरळीचं मैदान

पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा साखळी गावाच्या वाड्यांतून फिरायला लागे, त्या वेळी कृष्णनाथ गावस मैदानाच्या फाटकापाशी चपला काढत. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ते तिरपे, अनवाणी चालत. खिशात माडाच्या हिरांची जुडी असे. तळपायाला जमीन कडक लागली की तिथं एक हीर रोवायचा आणि पुढं जायचं. परतताना प्रत्येक हिरापाशी बालदीभर पाणी. तीस वर्षं हेच.

त्याआधी ते खाणीवर ट्रक भरत. मूळ जवळच्या सर्वण गावचे, भातशेतीतले; शेत भावाभावांत वाटलं गेलं आणि ते खाणीवर गेले. लाल धुळीनं त्यांच्या छातीत खोकला बसवला होता. गोवा राज्य झालं त्या वर्षी, मे महिन्यात, शाळेतले खेळाचे मास्तर शंभू सर त्यांच्या घरी आले.

"डिसेंबरातली फुटबॉल स्पर्धा आपल्याकडे आहे," सर म्हणाले. "पण नुसत्या मातीवर खेळायला बाहेरचे संघ तयार नाहीत. तोवर मैदान हिरवं करा. झालं तर नोकरी कायमची."

"आनी नाय झालां तर?"

"स्पर्धा दुसऱ्या गावाला. तुम्ही परत खाणीवर."

"गवत खंयचां लावचां?"

"हरळी."

सरस्वतीबाई, त्यांची बायको, दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांना हसू आवरेना. "बापाशीन जल्मभर हरळी उपटली, आता पूत ती लावतलो."

हरळीला तोटा नव्हता. सर्वणचे शेतकरी बांधावरून पोती भरून देत आणि वर बजावत, "न्हेयात, मुळासकट न्हेयात, परत मात्र हाडूं नकात." जूनमध्ये सरस्वतीबाई आपल्या लावणीच्या बायका घेऊन आल्या. दोरी ताणून, मागं मागं सरकत, दोन मुठींच्या अंतरावर त्यांनी भातासारखी हरळी लावली. मैदानाच्या भिंतीवर कोकणी-मराठी वादातल्या घोषणा अजून पुसल्या नव्हत्या. त्यांच्याखाली बायका ओणव्या होऊन एकमेकींच्या सासवांची नक्कल करत होत्या.

ऑगस्टपर्यंत गवत घोट्याच्या वर गेलं. उंच, किडमिडं. ठोंबांमधली लाल माती मात्र तशीच दिसत होती.

"आता कापा," शंभू सर म्हणाले.

"लोंब येवच्या आधी कोण कापता, मास्तर?"

"हे भात नव्हे, कृष्णनाथ."

"भात नसलां तरी लावलां तर मियांच मां."

सर रोज सांगत, कृष्णनाथ रोज कोयती घरी विसरत. परक्या पिकावर चालवतात तशी कोयती आपल्या हातच्या कोवळ्या रोपावर चालवणं त्यांना जमत नव्हतं.

चवथ आली. फाटकाला दोरी बांधून ते घरच्या गणपतीला सर्वणला गेले. तिसऱ्या सकाळी परतले, चपला काढल्या, आणि तिथंच बसले. फाटकाजवळच्या कोपऱ्यातले सगळे शेंडे खुडलेले. हरळी म्हणजेच दूर्वा. अख्खा वाडा पूजेसाठी तिथूनच जुड्या घेऊन गेला होता.

दुपारी जेवण घेऊन आलेल्या सरस्वतीबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला. "देवाक दिलां तां. आता काय परत मागतलात?"

कृष्णनाथांनी मनातून तो कोपरा सोडून दिला.

पंधरा-वीस दिवसांनी सकाळी चालताना त्यांचा पाय थबकला. हातातला हीर रोवायला कडक जागाच सापडेना. ते त्याच कोपऱ्यात उभे होते. खाली वाकून त्यांनी एक काडी उचलली. जिथं शेंडा खुडला होता, तिथून दोन-तीन फुटवे आडवे पसरले होते, पेरापेराला मुळं धरून. माती कुठं दिसत नव्हती.

ते तसेच, चपला न घालता, शाळेत गेले. "मास्तर, कोयती हाडतंय."

त्याच बायका पुन्हा आल्या. रांगेनं उकिडव्या बसून त्यांनी सगळ्या मैदानाचे शेंडे कापले. "एकवीस जुड्यांचो गणपती सगळ्यांनी बघितलो," सरस्वतीबाई म्हणाल्या, "एकवीस पोत्यांचो आमीच बघतों." दर आठवड्याला त्या येत राहिल्या.

डिसेंबरात पहिल्या सामन्याआधी पाहुण्या संघाचा गोलकीपर सराव सोडून गवतावर उताणा पडला आणि बोलावलं तरी उठेना. कडेला कृष्णनाथ चपला हातात धरून उभे होते. शंभू सर हसून एवढंच म्हणाले, "खाणीवर निरोप धाडा, येत नाही म्हणून."

पुढं कारापूर, मग पेडणे; जिथं मैदान व्हायचं तिथं बोलावणं येई. साखळीच्या हरळीची पोती घेऊन ते बसनं जात. कंडक्टर विचारी, "गुरांक न्हेतात?" ते म्हणत, "पोरांक." पेडण्यात त्यांनी चार माणसं हाताखाली तयार केली. चौघांनाही पहिल्या दिवशी चपला काढायला लावल्या. कापायचं यंत्र आलं, तेही शिकून घेतलं. पण चवथीच्या आदल्या दिवशी साखळीच्या मैदानावर ते यंत्र बंद ठेवत आणि फाटक सताड उघडत. त्या दिवशी गाव शेंडे खुडून नेई.

निवृत्त झाल्यावरही त्या दिवशी ते फाटकाशी स्टूल टाकून बसत. शेवटच्या चवथीलाही बसले होते. आठवड्यानं झोपेतच गेले. त्या चवथीच्या आदल्या संध्याकाळी वाड्यावरची लहानगी स्नेहा परडी घेऊन धावत आत शिरली, तेव्हा स्टुलावरून न उठता ते म्हणाले,

"चपला थंयच काढ गो. आनी शेंडे तेवढेच खूड."