मुसळाला बांधलेला बेडूक

आमगावजवळच्या त्या गावात लाकडी मुसळ एकच उरलं होतं, सुमित्राबाई रहांगडाल्यांच्या घरी. पाऊस लांबला आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळी पडू लागली की गाव तिच्या दारात यायचं. मुसळाला बेडूक उलटा बांधून घरोघर हिंडवायचा, प्रत्येक बाईनं त्याच्या तोंडात पाणी ओतायचं, मग पाऊस येतो म्हणे.

यंदाही, गावात ज्यांचा शब्द चालायचा त्या केशोरावांनी सकाळीच मुसळ नेलं. दुपारी मिरवणूक तिच्या अंगणात आली, तोवर बेडकाची कातडी सुकून गेली होती. सुमित्राबाईचं डोकं सणकलं. तिनं सरळ गाठ सोडली.

"कायले सोडून राहिली, वयनी?" केशोराव गुरकावले.

"मुसळ माहा आहे. अन् बेडूक तोंडानं पाणी पितच नाई."

तिनं घमेल्यात ओला चिखल घेऊन बेडूक त्यात ठेवला. त्यानं मागचे पाय पसरले, पोट चिखलाला चिकटवलं आणि गप्प बसला. पोटाखालची पातळ कातडी पाणी ओढत होती. चाळीस वर्षं वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करताना तिनं हे बांधीत, धानाच्या खाचरात, कितीदा पाहिलं होतं. लोक ताटकळले. बऱ्याच वेळानं बेडकानं पोट चिखलापासून वर उचललं.

"झाला त्याचा. किती पायजे ते त्याले समजते. तुमालेच समजत नाई."

"पाणी येवो का न येवो," केशोराव म्हणाले, "तुह्या रोवण्याले एक बाई येनार नाई."

सुमित्राबाईनं मनात हिशेब केला: नवरा नाही, तीन बांध्या, आणि रोवणा वेळेत झाला नाही तर वर्षाचं धान गेलं. पण मान खाली घालणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"नोको येऊ. माहे हात आहेत."

चौथ्या दिवशी पाऊस आला. केशोरावांचा शब्द मात्र टिकला. पाच दिवस सुमित्राबाई एकटीच बांधीत वाकली होती; कंबर धरून रडलीही, पण बांधावर कोणी नसताना. सहाव्या सकाळी केशोरावांची बायको शांतीबाई चिखलात उतरली आणि पऱ्ह्यांची पेंडी उचलली.

"घरी सांगून आली का?"

"नाई. त्यात सांगाचा काय आहे?"

दुपारी दोघी बांधावर जेवायला बसल्या.

"पुढच्या साली मुसळ मागाले आले त काय सांगशील?" शांतीबाईनं विचारलं.

सुमित्राबाईनं डब्यातला भात तिच्यापुढे सरकवला.

"सांगीन, फोडून चुलीत घातला. हा भात त्याच्यावरच रांधला आहे."